जहाजांचे कमी गंधकाचे इंधन

समुद्री जहाजांच्या इंजिनांसाठीचे, गंधकाचे प्रमाण मुद्दाम उतरवलेले तेल. यवतमाळ-वर्ध्याच्या जिनिंगमधून निघालेली रुईची गाठ न्हावा शेवाला पोचली की पुढचा प्रवास बहुधा अशाच तेलावर होतो. शेतातला ट्रॅक्टर ज्या बीएस-६ डिझेलवर चालतो, त्यात दहा लाख भागांत फार तर १० भाग गंधक असते. जहाजांच्या काळ्या, दाट तेलात मात्र २०१९ अखेरपर्यंत ३५,००० भाग चालत.

जहाजांचे प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या सहाव्या परिशिष्टाने १ जानेवारी २०२० पासून ही मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणली. बाल्टिक, उत्तर समुद्र आणि उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यालगत २०१५ पासूनच ०.१ टक्का आहे. १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रातही तोच नियम लागला.

गंधक जळले की वजनाने दुप्पट सल्फर डायऑक्साइड होतो. म्हणजे टनभर जुन्या तेलातून ७० किलो, आताच्या तेलातून १० आणि ०.१ टक्क्याच्या तेलातून २ किलो. सल्फेटचे सूक्ष्म कणही घटतात. बंदरालगत राहणाऱ्यांच्या फुप्फुसांसाठी हा लाभ फार मोठा आहे. नायट्रोजन ऑक्साइड मात्र जवळपास तेवढेच राहतात. ते सिलिंडरच्या उष्णतेत हवेतल्याच नायट्रोजनपासून बनतात, त्यामुळे त्यांच्यासाठी धुरात युरियाचे द्रावण फवारणारी वेगळी यंत्रणा लागते.

खरी जोखीम ०.१ टक्क्याच्या समुद्रात शिरण्याआधी तेल बदलताना असते. दाट तेल शंभर अंशांहून जास्त तापवूनच इंजिनात सोडतात, तर गॅस ऑइल हे डिझेलसारखे पातळ तेल साधारण ४० अंशांवर चालते. तापमान मिनिटाला सुमारे २ अंशांपेक्षा वेगाने उतरवले तर इंधनपंपातला प्लंजर (तेल दाबणारा दांडा) अडकतो आणि जहाज भर समुद्रात बंद पडू शकते. तेल फार पातळ झाले तर पंपात गळते, दाब धरत नाही. दोन न जुळणारी तेले एकत्र आली की डांबरी गाळ खाली बसतो, फिल्टर तुंबतात. म्हणून टाकी शक्य तितकी रिकामी करूनच नवे तेल घ्यावे. सिलिंडरचे वंगणही बदलावे लागते. जास्त गंधकासाठीचे अल्कधर्मी वंगण तसेच चालू ठेवले, तर पिस्टनवर कॅल्शियमचे कडक थर जमून लायनर, म्हणजे सिलिंडरचे आतले अस्तर, खरवडला जातो.

धुराड्यात स्क्रबर, म्हणजे धूर धुणारे यंत्र, बसवलेल्या जहाजांना जुने तेल जाळायची मुभा आहे. पण खुल्या पद्धतीच्या स्क्रबरमध्ये धूर धुतलेले आम्लयुक्त पाणी समुद्रातच सोडले जाते. सिंगापूरने २०२० पासून आपल्या बंदरात असे पाणी सोडण्यास बंदी घातली.