खिशाला परवडणारे पिस्तूल: अमेरिकेतल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या २९ राज्यांत आज कुठलाही परवाना न काढता पिस्तूल कपड्यांआड लपवून बाळगता येते. टेक्सस, फ्लोरिडा, जॉर्जिया, ओहायो ही मोठी राज्ये त्यात आहेत. उरलेल्या राज्यांत परवाना लागतो, पण तो मनाला येईल तसा नाकारण्याची मुभा अधिकाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानंतर राहिलेली नाही. साहजिकच तिथल्या शस्त्रांच्या दुकानांत एक प्रश्न रोज विचारला जातो: तीन-चारशे डॉलरांत, अंगावर दिवसभर वागवता येईल आणि वेळ आली तर दगा देणार नाही, असे पिस्तूल कोणते?

प्रश्न साधा गिऱ्हाइकाचा आहे. पण स्वस्त पिस्तूल कोणाच्या हातात जावे, यावर अमेरिकेत दीडशे वर्षे भांडण चालू आहे. शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या राज्यघटनेतल्या दुसऱ्या दुरुस्तीमुळे बंदुकीवर सरसकट बंदी घालणे तिथे अवघड. मग बऱ्याच कायदेमंडळांनी आडवाट धरली. त्यांनी बंदूक बंद न करता ती महाग केली. त्याची झळ श्रीमंताला लागली नाही.

सुरुवात पेटंटपासून होते. काडतूस मागच्या बाजूने भरता येईल असे आरपार भोकांचे, रिव्हॉल्व्हरचे फिरते चक्र बनवण्याचा हक्क स्मिथ अँड वेसन या शस्त्र कंपनीने रोलिन व्हाइट या माणसाकडून घेऊन ठेवला होता. १८६९ मध्ये त्या पेटंटची मुदत संपली आणि न्यू इंग्लंडमधल्या छोट्या कारखान्यांनी खिशात मावणाऱ्या रिव्हॉल्व्हरांचा पाऊस पाडला. कोल्टच्या सैनिकी रिव्हॉल्व्हरला १७ डॉलर मोजावे लागत, तिथे ही दोन-चार डॉलरांत मिळू लागली. लोखंड हलक्या प्रतीचे, नेम यथातथा, पण मजुराला परवडणारी.

नेमक्या याच काळात दक्षिणेतल्या राज्यांत गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय मतदानाला आणि शेतजमिनीच्या हक्काला उभे राहत होते. १८६५ मध्ये मिसिसिपीने त्यांना शस्त्र बाळगायला उघडउघड मनाई केली होती. सर्वांना कायद्याचे समान संरक्षण देणाऱ्या घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीनंतर असे वर्णाचे नाव घेऊन कायदा करता येईना. तेव्हा टेनेसीने १८७९ मध्ये आणि आर्कान्सासने १८८१ मध्ये कायदे केले, त्यांचा मथितार्थ असा की सैन्यात आणि नौदलात वापरतात तेवढीच पिस्तुले चालतील, बाकीची विकायची नाहीत. वरवर पाहता हा दर्जाचा नियम. पण सैनिकी पिस्तूल माजी सैनिकाच्या घरात आधीच होते किंवा जमीनदाराला विकत घेता येत होते. गेले ते फक्त गरिबाचे पिस्तूल. फ्लोरिडाच्या १८९३ च्या परवाना कायद्याबद्दल तर तिथल्याच सर्वोच्च न्यायालयातल्या एका न्यायमूर्तींनी १९४१ साली निकालपत्रात लिहून ठेवले आहे की तो कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी केला होता आणि गोऱ्या लोकांना लावण्याचा हेतू कधीच नव्हता. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या माँटगोमेरीतल्या घरावर जानेवारी १९५६ मध्ये बाँब पडला. त्यानंतर त्यांनी शस्त्र बाळगण्याचा परवाना मागितला, तो नाकारण्यात आला. हा इतिहास बाजूला ठेवून स्वस्त पिस्तुलांवरच्या बंदीबद्दल बोलणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: स्वस्त शस्त्राची भीती निराधार नव्हती, आणि ते एकाच कारखान्याच्या गोष्टीत दिसते. मॅसॅच्युसेट्समधल्या फिचबर्गच्या आयव्हर जॉन्सन कारखान्याने पॉइंट ३२ चे एक स्वस्त रिव्हॉल्व्हर काढले. त्यात घोडा आणि काडतुसावर आपटणारी पिन यांच्यामध्ये एक छोटी पोलादी पट्टी होती. चाप पूर्ण ओढला तरच ती पट्टी वर सरकते आणि घोड्याचा ठोका पिनेपर्यंत पोचवते. चापावर बोट नसेल तर घोड्यावर हातोडी ठोकली तरी गोळी सुटत नाही, आणि कंपनी जाहिरातीत हेच सांगायची: खुशाल हातोडी मारा. १९०४ च्या सुमाराच्या एका जाहिरातीत तर झोपायचा झगा घातलेली लहान मुलगी पलंगावर बसली आहे, शेजारी बाहुली आहे आणि हातात रिव्हॉल्व्हर. बाबा म्हणतात याने काही होणार नाही, अशी खाली ओळ. आज ते चित्र बघवत नाही. पण यंत्र खरोखरच चांगले होते आणि पुढे अनेक नामांकित कंपन्यांनी तीच युक्ती उचलली.

याच कारखान्याचे रिव्हॉल्व्हर सप्टेंबर १९०१ मध्ये लिऑन चोल्गोशने बफेलो शहरात साडेचार डॉलरांना विकत घेतले, हातरुमालाखाली लपवले आणि हस्तांदोलनाच्या रांगेत उभे राहून राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडल्या. आठ दिवसांनी ते गेले. लपवता येणाऱ्या स्वस्त शस्त्राची भीती त्यानंतर शहरांच्या राजकारणात पक्की बसली. न्यू यॉर्कने १९११ मध्ये सलिव्हन कायदा करून छोट्या शस्त्रासाठी पोलिसांचा परवाना सक्तीचा केला. १९२७ मध्ये लपवता येणारी शस्त्रे टपालाने पाठवायला देशभर बंदी आली. तोवर ती टपालानेही घरपोच मागवता येत होती.

पिस्तूल चपटे झाले ते जॉन ब्राउनिंगमुळे. रिव्हॉल्व्हरचे चक्र कितीही लहान केले तरी कोटाला फुगवटा येतो. मुठीत मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची चपटी पेटी, बसवलेले त्यांचे पॉइंट ३२ चे पिस्तूल बेल्जियमच्या एर्स्टालमध्ये बनू लागले आणि जगभर गेले. नाशिकलाही आले. लंडनच्या इंडिया हाउसमधून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्या ट्रंकेच्या चोरकप्प्यातून २० ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात धाडली आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सनवर ब्राउनिंगच चालवले. त्या वेळी इथे १८७८ चा शस्त्र कायदा होता. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. टेनेसी आणि नाशिक यांत फार अंतर नव्हते, असे म्हणायला हरकत नाही.

आता थेट १९६८ मध्ये येऊ, कारण आजच्या स्वस्त पिस्तुलांची खरी जन्मकथा तिथली आहे. एप्रिलमध्ये किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या. ऑक्टोबरमध्ये शस्त्र नियंत्रण कायदा आला. जर्मनी, इटली, स्पेनमधून येणाऱ्या स्वस्त, आखूड पिस्तुलांना त्याने लगाम घातला. आयात करायची तर शस्त्र खेळासाठी किंवा शिकारीसाठी योग्य हवे, आणि ते ठरवायला गुणपत्रिका: नळीच्या लांबीला इतके गुण, वजनाला इतके, नेम साधायच्या माशीला इतके. पिस्तुलाला ७५ गुण हवेत, शिवाय लांबी आणि उंचीची किमान मर्यादा वेगळी. वॉल्थरचे प्रसिद्ध पीपीके या कसोटीत केसभर कमी पडले. कंपनीने त्याचाच वरचा भाग थोड्या मोठ्या पीपी मॉडेलच्या मुठीवर बसवला, नाव पीपीके/एस ठेवले आणि माल पुन्हा अमेरिकेत उतरवला. सुरक्षिततेत काडीचा फरक पडला नाही.

मोठी पळवाट वेगळीच होती. कायदा फक्त आयातीला लागू होता, देशात बनणाऱ्या पिस्तुलाला गुणपत्रिका नव्हती. रॉबर्ट केनेडींवर चाललेले पॉइंट २२ चे रिव्हॉल्व्हर आयव्हर जॉन्सनचे, म्हणजे देशीच होते. जर्मनीच्या रोम कंपनीने मायामीत कारखाना टाकला, सुटे भाग आणून तिथे जुळवू लागली. मार्च १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर आणि त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रॅडी यांच्यावर ज्यातून गोळ्या झाडल्या ते आरजी-१४ रिव्हॉल्व्हर तिथलेच.

लॉस एंजेलिसच्या आसपास तर एक अख्खे घराणेच या धंद्यात उतरले. जॉर्ज जेनिंग्ज यांचा विमानांचे भाग घडवणारा कारखाना होता. आयात बंद झाल्यावर स्वस्त मालाची टंचाई दिसली, तेव्हा त्यांनी १९७० मध्ये रेव्हन आर्म्स काढली. पुढे मुलगा, जावई, मुलाचा मित्र अशा प्रत्येकाची कंपनी झाली: जेनिंग्ज, ब्रायको, डेव्हिस, लॉर्सिन. १९९३ मध्ये देशात सर्वांत जास्त पिस्तुले बनवणारी कंपनी कोल्ट नव्हती की स्मिथ अँड वेसन नव्हती, ती लॉर्सिन होती. गॅरेन विंटम्यूट या डॉक्टरांनी १९९४ मध्ये या कारखान्यांचा अभ्यास छापला आणि त्यांना ‘रिंग ऑफ फायर’ हे नाव पडले.

रेव्हनचे एमपी-२५ हातात घेतले तर ते आकाराच्या मानाने जड लागते. बहुतेक सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा, साच्यात ओतलेला. नळी पोलादी, पण जेमतेम अडीच इंचांची. मिश्रधातू सुमारे ३८५ अंश सेल्सिअसला वितळतो. इलिनॉय, साउथ कॅरोलिना आणि हवाईने म्हणूनच नियम केला की ८०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ४२७ अंश सेल्सिअसच्या आत वितळणाऱ्या धातूचे पिस्तूल विकायचे नाही. मला ही मोजपट्टीच चुकीची वाटते. खरा दोष धातूच्या वितळण्यात नव्हता, आतल्या रचनेत होता. नळीत गोळी भरलेली असताना हे पिस्तूल हातातून पडले तर पिन पुढे जायला आडकाठी नव्हती. साडेचार डॉलरांच्या आयव्हर जॉन्सनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोडवलेले कोडे यांनी सोडवलेच नाही.

ब्रायकोच्या एका मॉडेलमध्ये तर पिस्तूल रिकामे करायचे तरी आधी सेफ्टी, म्हणजे गोळी सुटू न देणारा खटका, काढावी लागे. गोळी अडकण्याची तक्रार झाकण्यासाठी तसे केले, असा आरोप पुढे खटल्यात झाला. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका घरात असेच पिस्तूल रिकामे करताना गोळी सुटली आणि सात वर्षांचा मुलगा मानेखाली लुळा पडला. २००३ मध्ये ज्यूरीने कंपनी आणि तिच्याशी संबंधितांवर सुमारे २.४ कोटी डॉलरची जबाबदारी टाकली, ब्रायकोने दिवाळे काढले. हा खटला मी वारंवार आठवतो, कारण स्वस्ताईचा हिशेब इथे एका मुलाच्या आयुष्यात चुकता झाला. कॅलिफोर्नियाने तोवर पिस्तूल उंचावरून टाकून पाहण्याची चाचणी सक्तीची केली होती. वितळबिंदूपेक्षा हा शहाणा नियम.

दरम्यान ग्राहक बदलला होता. फ्लोरिडाने १९८७ मध्ये असा कायदा केला की पात्रता पूर्ण केली तर लपवून बाळगायचा परवाना द्यावाच लागेल. एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. २०१३ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने इलिनॉयही आले; लपवून बाळगायला कसलीच मुभा नसलेले ते शेवटचे राज्य होते. आता रात्रपाळीची नर्स, टॅक्सीवाला, निवृत्त शिक्षक कायदेशीरपणे पिस्तूल जवळ बाळगू लागले आणि त्यांना दिवसभर कंबरेला किलोभर लोखंड नको होते.

त्यात १९९४ च्या संघीय कायद्याने नव्या मॅगझिनमध्ये दहापेक्षा जास्त गोळ्यांना मनाई केली. कायदा दहा वर्षे टिकला, पण परिणाम अनपेक्षित झाला. दहाच गोळ्या भरायच्या तर पिस्तूल मोठे कशाला, असे म्हणून सगळ्यांनी छोटी मॉडेले काढली. ग्लॉकने त्याआधीच दाखवून दिले होते की मुठीचा सांगाडा प्लॅस्टिकचा, साच्यात ओतून काढता येतो. फ्लोरिडातल्या केल-टेकच्या जॉर्ज केल्ग्रेन यांनी तेच तंत्र स्वस्तात वापरले: १९९५ चे ९ मिलिमीटरचे पी-११, मग १९९९ चे रिकामे असताना २०० ग्रॅमही न भरणारे पी-३२. २००८ मध्ये रूगरने त्याच घाटाचे एलसीपी काढले, पडल्यावर गोळी सुटू शकते म्हणून त्याच वर्षी परतही बोलावले आणि दुरुस्त करून दिले. २०१२ मध्ये स्मिथ अँड वेसनचे शील्ड, २०१८ मध्ये इंचभर जाडीत दहा गोळ्या बसवणारे सिगचे पी३६५. स्पर्धेमुळे भाव घसरत गेले आणि ब्राझीलच्या टॉरसचे जी२सी तीनशे डॉलरांच्या आत मिळू लागले.

म्हणजे आज तीनशे डॉलरांत जे मिळते ते रेव्हनच्या जातीचे नाही. तरी घेणाऱ्याने पडल्यावर पिनेला अडवणारा आतला खटका आहे का, त्या क्रमांकाचा माल कंपनीने परत बोलावला होता का, हे विचारलेच पाहिजे. चाप पूर्ण झाकणारे म्यान आणि सरावाची काडतुसे यांचा खर्च त्याच हिशेबात धरावा. कुलपाची पेटी तर आधी घ्यावी. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे गेली, त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. परक्या चोरापेक्षा घरातल्याच कुणाच्या वाईट रात्रीची भीती मोठी आहे, हे दुकानात कुणी सांगेलच असे नाही.

पिस्तूल स्वस्त झाले तसा महागाईचा मुक्काम कागदावर हलला. इलिनॉयमध्ये परवान्याला १५० डॉलर आणि १६ तासांचे प्रशिक्षण. न्यू यॉर्क शहरात नुसत्या अर्जाचे ३४० डॉलर, वर १६ तासांचा वर्ग आणि दोन तास गोळीबाराचा सराव. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ च्या ब्रूएन निकालात न्यू यॉर्कची ‘सबळ कारण दाखवा’ ही अट रद्द केली. त्या खटल्यात ब्राँक्स आणि ब्रुकलिनमध्ये गरीब आरोपींचा बचाव करणाऱ्या वकील संस्थांनी बंदूक संघटनांच्याच बाजूने म्हणणे मांडले, कारण विनापरवाना पिस्तूल बाळगल्याबद्दल तुरुंगात जाणारे त्यांचे अशील बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते. निकालाच्या नवव्या तळटीपेत न्यायालयाने परवाना पद्धत सर्वसाधारणपणे मान्य ठेवली, मात्र अवाजवी शुल्क किंवा लांबलेली प्रतीक्षा यांमुळे सामान्य नागरिकाचा हक्क बुडत असेल तर त्याला आव्हान देण्याची वाट मोकळी सोडली.