वळवाचा वारा आणि काचेवरचा ओरखडा

एप्रिल-मेमध्ये बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जोराचा वळीव झाला की दुसऱ्या दिवशी काचवाल्याकडे गिऱ्हाईक वाढतं. ‘वाऱ्यानं काच फुटली’, असंच जो तो सांगतो. माझ्या मते यात वाऱ्यावर जरा अन्याय होतो.

हिशेबच करू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी 50 किलोमीटरच्या वाऱ्यात चार बाय तीन फुटांच्या तावदानावर साधारण 13 किलोंचा भार येतो. ताशी 100 ला तो 50 किलोंच्या वर जातो. चारी बाजूंनी नीट बसवलेली, धड असलेली 4 मिलिमीटरची काच एवढं सहसा सोसते.

मग फुटते ती का? उत्तर काचवाल्याच्या टेबलावर दिसतं. पट्टी धरून तो काचेवरून हिरकणी एकदाच फिरवतो. कर्र आवाज येतो, केसासारखी रेघ उमटते. रेघ टेबलाच्या कडेवर आणून दोन्ही हातांनी हलकेच दाबलं की टक्, काच सरळ दोन तुकडे. रेघेची खोली काचेच्या जाडीपुढे काहीच नसते, तरी सगळी काच तिचंच ऐकते. भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो. लोखंड अशा वेळी किंचित लवतं, टोक बोथट होतं आणि निभावून जातं. काचेला लवणं जमत नाही. इंग्लंडमधल्या फार्नबरो इथे विमानांवर संशोधन करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथ यांनी 1920 च्या सुमारास याचं गणित मांडलं: काच कागदोपत्री असावी त्याहून कितीतरी दुबळी ठरते, कारण तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य ओरखडे असतात. एकदा भेग धावू लागली की सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जाते. त्यात पाणी भेगेला मदतच करतं. टोकाशी ताणलेले काचेचे बंध ओलाव्याने लवकर तुटतात.

वळवात ओरखड्यांना निमित्तं पुष्कळ मिळतात. ढगातून पावसाबरोबर गार, जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते, म्हणून झोत अचानक येतो. खिटी न लावलेली झडप चौकटीवर आपटते. घरातल्या बहुतेक काचा अशाच जातात. शेजारच्या कौलाचा तुकडा किंवा नारळाची झावळी आली, तर सगळा मार एका बिंदूवर बसतो. गारेचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं, शिवाय ती जास्त वेगाने पडते. तडाखा सोळापटीच्या घरात जातो. तरी गारांचा फटका खिडकीपेक्षा गाडीच्या काचेला नि छतातल्या काचेला अधिक.

वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला उलटं घडतं. तिथे वारा तावदान बाहेर ओढतो. काच बसवायची लांबी (पुट्टी) वाळून गळालेली असेल, तर काच अंगणात पडते. आणि वाऱ्याच्या तोंडावरची खिडकी फुटली की घरात हवा कोंडून छपराच्या पत्र्यांना आतून रेटते, बाहेरून तर ते ओढले जातच असतात. म्हणून वादळात खिडक्या उघड्या ठेवायचा सल्ला ऐकू नये.

वादळाशिवायही काच तडकते. उन्हात मधला भाग तापून पसरतो, चौकटीत दबलेली कड गारच राहते आणि ताणली जाते. काळी फिल्म लावलेल्या काचेला हा त्रास जास्त. असा तडा बहुधा कडेशी काटकोन करून सुरू होतो. मार लागलेल्या जागेवरून फुटणारी चांदणी इथे नसते. खाणीतल्या सुरुंगाने तावदानं खडखडतात ती हवेतल्या दाबाच्या लाटेमुळे. 15 फेब्रुवारी 2013 ला रशियात चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली, तेव्हा लखलखाट बघायला लोक खिडकीशी गेले आणि एकदोन मिनिटांनी लाट पोचली. सुमारे 1,500 जण जखमी झाले, बरेचसे काचांनीच.

टफन काचेत ओरखड्यांवरच उपाय केलेला असतो. काच 600 अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटकन गार करतात, त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो आणि ओरखडे मिटलेले राहतात. ती नंतर कापता येत नाही, माप आधीच बिनचूक द्यावं लागतं. क्वचित तिच्यात निकेल सल्फाइडचा बारीक कण अडकलेला असतो. तो हळूहळू फुगतो आणि एखाद्या शांत दुपारी, वारा नसताना, अख्ख्या काचेचा चुरा होतो. तेव्हा गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरं उगाच शिव्या खातात.