तारापूर : अणुभट्ट्या आधी आल्या, नियामक नंतर

पालघर जिल्ह्यातल्या तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांमधून २८ ऑक्टोबर १९६९ पासून नियमित वीज मिळू लागली. देशातल्या अणुवीज केंद्रांची तपासणी करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले १५ नोव्हेंबर १९८३ रोजी. म्हणजे नियामकापेक्षा या अणुभट्ट्या चौदा वर्षांनी मोठ्या आहेत. तारापूरच्या सुरक्षेविषयी आजही जे विचारले जाते, त्याचा बराचसा उगम या चौदा वर्षांत सापडतो.

१९६३ च्या भारत-अमेरिका करारातून हे केंद्र उभे राहिले. अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या, उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या. इंधन तेव्हा अमेरिकेहून येणारे समृद्ध युरेनियम. या प्रकल्पाचा पाठपुरावा करणारे होमी भाभा तो पूर्ण होण्याआधीच, जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात गेले. त्या काळी आराखडा तपासणारे, केंद्र बांधणारे आणि चालवणारे सगळे एकाच अणुऊर्जा खात्यातले होते. खात्याची सुरक्षा आढावा समिती १९७५ मध्ये नेमली गेली, तीही खात्याच्या आतलीच. नियामक संस्थेला कायद्याचे अधिष्ठान हवे, अशी शिफारस मेकोनी समितीने १९८१ मध्ये केली होती. दोन वर्षांनी मंडळ स्थापन झाले, पण १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखालच्या सरकारी आदेशाने. ते अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी राहिले, आणि आयोगाचे अध्यक्ष म्हणजेच अणुऊर्जा खात्याचे सचिव. ज्याची तपासणी करायची, त्याच्याच वरिष्ठाकडे अहवाल द्यायचा, अशी ही रचना. मंडळातल्या तज्ज्ञांच्या सचोटीवर शंका न घेताही ती सदोष आहे असे म्हणता येते, आणि म्हटलेच पाहिजे.

दरम्यान यंत्रे जुनी होत होती. जादा वाफ तयार करणाऱ्या दुय्यम वाफजनित्रांच्या नळ्यांना गळती लागल्याने ती वापरातून काढावी लागली, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात प्रत्येक अणुभट्टीची क्षमता २१० वरून १६० मेगावॅटवर आणली गेली.

१९९३ ते १९९६ या काळात मंडळाचे अध्यक्ष असलेल्या ए. गोपालकृष्णन यांनी देशभरच्या अणुकेंद्रांमधल्या १३० हून अधिक सुरक्षा-त्रुटींचा अहवाल तयार करवून घेतला. तो गोपनीय ठरला. मुंबईच्या सर्वोदय मंडळाने आणि पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने तो उघड व्हावा म्हणून न्यायालयात धाव घेतली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा गोपनीयतेचा अधिकार मान्य केला. त्याआधी २००० मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सुविधा मंडळाच्या कक्षेतून काढून घेण्यात आल्या होत्या. तारापूरच्या परिसरात त्या केंद्राचेही प्रकल्प आहेत, त्यामुळे कुंपणाच्या आत कोणत्या इमारतीची तपासणी कोण करते, हे आसपासच्या गावांना कधीच नीट कळलेले नाही.

तपासणी नुसती कागदावर होती असे मात्र नाही. २००० नंतर मंडळाने या दोन अणुभट्ट्यांचा सर्वांगीण आढावा घेतला आणि सुधारणा झाल्यावरच त्या पुढे चालवता येतील असे ठरवले. त्यासाठी २००५-०६ मध्ये दोन्ही अणुभट्ट्या काही महिने बंद होत्या. मूळ आराखड्यात आणीबाणीच्या विजेची व्यवस्था दोघींत सामायिक होती. एकीतला बिघाड दुसरीला भोवू नये म्हणून ती वेगळी केली गेली, नवी डिझेल जनित्रे बसली, पर्यायी नियंत्रण कक्ष झाला, अग्निसुरक्षा सुधारली. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रातली दुर्घटना घडली. तिथली पहिली अणुभट्टीही जनरल इलेक्ट्रिकचीच, तारापूरनंतर दीड वर्षाने सुरू झालेली. त्यानंतर भारतातल्या सर्व केंद्रांचा फेरआढावा झाला आणि वीज पूर्ण गेली तरी बाहेरून पाणी सोडता येईल अशा जोडण्यांची तजवीज करण्यात आली.

२०२० मध्ये दोन्ही अणुभट्ट्या पुन्हा थांबल्या, पहिली जानेवारीत आणि दुसरी जुलैत. या वेळचे कारण होते अणुभट्टीतले पाणी फिरवणारे स्टेनलेस स्टीलचे जाड नळ. जुन्या प्रकारच्या या पोलादात कार्बनचे प्रमाण जास्त असते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळ तो कार्बन क्रोमियमला ओढून घेतो, धातूच्या कणांच्या सीमारेषांवर क्रोमियम कमी पडते आणि तिथला गंजरोधक गुण जातो. त्यात प्राणवायू विरघळलेले तापलेले पाणी आणि वेल्डमध्ये राहिलेला ताण एकत्र आले की कणांच्या सीमांवरून बारीक तडे सरकू लागतात. हे तडे आतून सुरू होतात, त्यामुळे बाहेरून नळ धडधाकट दिसतो. शोधायचे तर प्रत्येक सांध्यावर अल्ट्रासोनिक तपासणी करावी लागते, तीही अरुंद जागेत. नळांच्या आतल्या थरात किरणोत्सारी कोबाल्ट साचलेला असतो, म्हणून तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला वाट्याला येणाऱ्या किरणोत्सर्गाचा हिशेब ठेवूनच आत उतरता येते. जुन्या केंद्राच्या सुरक्षेची ही किंमत वेल्डर आणि तपासनीस आपल्या अंगावर घेतात. वीजदराच्या चर्चेत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. शेवटी सांधे दुरुस्त करत बसण्याऐवजी कमी कार्बनच्या पोलादाचे नळ बसवून केंद्राचे आयुष्य वाढवण्याचा मार्ग निवडला गेला. नळ बदलता येतात. अणुभट्टीचे मुख्य पात्र बदलता येत नाही. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने त्याचे पोलाद किती ठिसूळ झाले, हे आत ठेवलेले नमुने काढून तपासावे लागते. किती वर्षे पुढे, याचे खरे उत्तर त्या चाचण्यांत असते.

नियामकाची रचना मात्र यंत्रांइतक्या वेगाने बदलली नाही. २०१२ मध्ये कॅगने दाखवून दिले की नियमभंगासाठी जास्तीत जास्त दंड अवघा ५०० रुपये आहे. स्वतंत्र प्राधिकरणासाठी २०११ मध्ये मांडलेले विधेयक २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच बाद झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा अणुऊर्जा कायदा, 'शांती', संमत केला आणि त्यात मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला. मेकोनी समितीच्या शिफारशीला तोवर ४४ वर्षे झाली होती. याच कायद्याने अणुवीज क्षेत्र खासगी कंपन्यांनाही खुले केले आहे, त्यामुळे मंडळापुढचे काम वाढणार आहे. तारापूरच्या तपासणीचे निष्कर्ष बोईसर-पालघरच्या रहिवाशांना मराठीत, वेळेवर आणि न मागता वाचायला मिळावेत, ही तरतूद त्या कायद्याखालच्या नियमांत करायला हवी.