गॅलापागोसची डाइव्ह-बोट: पैसे भरण्याआधी वाचा

"तारकर्लीला स्कुबा केलंय, गॅलापागोसला चालेल ना?" महिन्यातून दोन-तीनदा असा फोन येतो. उत्तर एकच: आत्ता नाही, पण होईल. धंद्याच्या दृष्टीने हे उत्तर शहाणपणाचं नाही, हे आम्हालाही कळतं. तरीही ते आम्ही का देतो, हे नीट सांगावं म्हणून हे पत्रक.

मालवण-तारकर्लीला जे होतं त्याला ट्राय डाइव्ह म्हणतात. इन्स्ट्रक्टर मागून तुमचा सिलिंडर धरून असतो. हवा किती उरली, खोली किती, वर कधी यायचं, सगळं तोच बघतो. तुम्ही मासे बघता आणि व्हिडिओत हात हलवता. पहिल्या ओळखीला हे उत्तमच. गॅलापागोसला मात्र तुमचा सिलिंडर धरायला कोणी नसतं. राष्ट्रीय उद्यानाचा परवाना असलेला एक गाइड आणि त्याच्याबरोबर जास्तीत जास्त आठ डायव्हर, असा तिथला नियम आहे. गाइड वाट दाखवतो. पोहायचं, थांबायचं आणि वर यायचं ते तुमचं तुम्ही.

जागा कुठे आहे?

गॅलापागोस हा इक्वेडोर देशाचा भाग, पण मुख्य भूमीपासून पॅसिफिकमध्ये सुमारे १,००० किलोमीटर आत. डायव्हर ज्यासाठी जातात ती डार्विन आणि वुल्फ ही दोन बेटं आणखी लांब, पार उत्तरेच्या टोकाला. तिथे वस्ती नाही, धक्का नाही, पर्यटकांना किनाऱ्यावर पाय ठेवायची परवानगीही नाही. म्हणून बोटीवरच राहायचं, बोटीवरच जेवायचं, बोटीवरूनच पाण्यात उतरायचं. बोटी साधारण सोळा प्रवाशांच्या, फेरी सात रात्रींची, डाइव्ह अठरा-वीस.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर तिथे गेल्यावर हिरमोड होतो. जुन्या ब्रोशरवर समुद्रातली जी दगडी कमान दिसते, ती डार्विन्स आर्च १७ मे २०२१ रोजी कोसळली. नैसर्गिक झीज, दुसरं काही नाही. आता दोन खांब उभे आहेत. पाण्याखाली मात्र सगळं होतं तसंच आहे. (गंमत म्हणजे ज्याच्या नावाचं हे बेट, तो चार्ल्स डार्विन १८३५ मध्ये गॅलापागोसला पाच आठवडे होता, पण या बेटावर कधी उतरला नाही.)

एवढ्या लांब का?

मुशींसाठी, म्हणजे शार्कसाठी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डार्विन आणि वुल्फभोवती हेक्टरी सरासरी १७.५ टन मासे मोजले गेले, आणि त्यात बहुतांश शार्क. तोवर जगात कुठेही नोंदलेला हा सर्वांत मोठा आकडा होता. शार्कमध्ये मुख्य हॅमरहेड, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याची मुशी, आणि ती एकटी-दुकटी नसते, कळपाने असते. जून ते नोव्हेंबरमध्ये व्हेल शार्कही येतात. बहुतेक प्रचंड आकाराच्या, पोट फुगलेल्या माद्या. त्या गाभण असाव्यात असा संशोधकांचा कयास होता.

डाइव्ह कशी होते ते सांगतो, म्हणजे आमच्या अटी कुठून आल्या ते कळेल. मोठ्या बोटीवरून रबरी होडीत बसायचं. तिला तिथे पांगा म्हणतात. खडकाजवळ गेल्यावर गाइड तीन आकडे मोजतो आणि सगळे एकदम पाठीवर उलटे पडतात. बीसीडीतली, म्हणजे तरंगायला हवा भरायच्या जाकिटातली, हवा आधीच पूर्ण काढलेली असते, कारण वर तरंगत थांबलात तर प्रवाह तुम्हाला मिनिटभरात गटापासून तोडतो. थेट खाली जायचं, पंधरा-वीस मीटरवर, आणि खडक धरायचा. हा खडक बार्नेकलच्या धारदार कवचांनी भरलेला असतो. हातमोजे नवे असतील तर आठवड्याने बोटांची टोकं बाहेर आलेली दिसतात. फिन्स, म्हणजे पायातले रबरी पंखे, झेंड्यासारखे मागे फडफडतात. आणि तिथे गप्प बसून निळ्या पाण्याकडे बघत राहायचं. आधी एक सावली, मग दहा, मग मोजणं सुटतं. हॅमरहेड बुडबुड्यांना बुजतात, म्हणून श्वास संथ ठेवायचा. रोखायचा मात्र नाही, कधीच नाही. व्हेल शार्क आली की गाइड सिलिंडर ठोकतो, तेव्हा खडक सोडून प्रवाहाला आडवं जोरात पोहावं लागतं. दोन मिनिटांत पन्नास बार, म्हणजे साधारण पाव सिलिंडर, हवा संपवणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

शेवटी खडक सोडून उघड्या समुद्रात वाहत जायचं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, एसएमबी म्हणजे नारिंगी फुगा वर सोडायचा. पांगा तो फुगा शोधत येते. लाटा उंच असतील तर पांगेवाल्याला तुमचं डोकं दिसत नाही, फुगाच दिसतो. हा फुगा वाहत्या पाण्यात, दोरीत न गुंतता सोडणं ज्याला जमत नाही त्याला आम्ही नेत नाही. बोटवाले प्रत्येकाला जीपीएस यंत्रही देतात, पण त्यावर विसंबू नका.

आमच्या अटी

अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर (स्कुबाचा दुसऱ्या पातळीचा कोर्स) आणि नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनचं मिश्रण वापरायचा कोर्स) हे दोन कोर्स, आणि लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, किमान ७५ डाइव्ह. काही बोटी ५० वर घेतात. आम्ही घेत नाही. त्या ७५ पैकी निदान पंधरा वाहत्या पाण्यातल्या हव्यात. शांत पाण्यात त्याच त्या जागी केलेल्या शंभर डाइव्ह इथे फारशा कामाच्या नाहीत.

आपल्याकडून रस्ता असा: कोर्स अंदमानात स्वराज द्वीपला करा. सराव गोव्याच्या ग्रँड आयलंडला किंवा कर्नाटकातल्या नेत्राणीला. मग एकदा मालदीवच्या चॅनेलमध्ये, म्हणजे बेटांमधल्या वाहत्या पाण्यात, बोटीवर आठवडा काढा. प्रवाह म्हणजे काय ते तिथे कळतं, आणि बोटीवर राहणं आपल्याला मानवतं का, हेही. मन लावून केलं तर दोन वर्षं लागतात.

नायट्रॉक्स का, असं विचारतात. दिवसाला तीन-चार डाइव्ह, तेही सलग आठवडाभर, म्हणजे अंगात नायट्रोजन साठत जातो. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणात तो कमी साठतो. त्या मिश्रणाची मर्यादा सुमारे ३४ मीटर, आणि व्हेल शार्क खाली गेली म्हणून तिच्या मागे खाली जायचं नाही. डार्विनहून वस्तीच्या बेटांकडे परतायला बोटीला अख्खी रात्र पुरत नाही. बेंड्स, म्हणजे वर येताना अंगातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणारा आजार, झाला तर काय, याचा विचार तिथे नव्हे, इथे करायचा. डायव्हिंगचा विमा सक्तीचा आहे. नेहमीच्या प्रवास-विम्यात हे बहुतेक वेळा धरलेलं नसतं.

थंडी

विषुववृत्तावर थंडी कसली, असं वाटतं. पण खोलातून वर येणारा क्रॉमवेल प्रवाह इसाबेला आणि फर्नांदिना बेटांच्या पश्चिमेला पाणी पार गार करतो, सोळा अंशांपर्यंतसुद्धा. म्हणूनच तिथे पेंग्विन आहेत, समुद्रातलं शेवाळ खरवडून खाणारे इग्वाना आहेत, इसाबेलाच्या पुंता विसेंते रोकाला सनफिश हे अवाढव्य मासे आहेत. डार्विन-वुल्फला पाणी त्यामानाने बरं. तरी ७ मिलिमीटरचा वेटसूट आणि हूड, म्हणजे डोक्याची टोपी, हवाच. आपल्याकडे भाड्याने मिळणारे ३ मिलिमीटरचे सूट इथे उपयोगाचे नाहीत. जाड सूट तुम्हाला वर उचलतो, त्यामुळे वजनं वाढवावी लागतात. तो सूट घालून निदान चार डाइव्ह आधी करून या.

डिसेंबर ते मेमध्ये पाणी उबदार आणि समुद्र शांत, पण व्हेल शार्कची आशा धरू नका. दोन्ही हवं, असं होत नाही. जून ते नोव्हेंबरमध्ये बोट हलते, चांगलीच हलते. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून ठरवा आणि घरी एकदा घेऊन बघा, झोप किती येते ते कळेल. पहिली गोळी पहिल्या डाइव्हच्या सकाळी नको.

सामान आणि कागद

मुंबईहून थेट विमान नाही. युरोपमार्गे इक्वेडोरमधलं क्विटो किंवा ग्वायाकिल, तिथून गॅलापागोसमधलं विमानतळाचं बेट बाल्त्रा. बोट निघण्याच्या दोन दिवस आधी इक्वेडोरमध्ये पोचायचंच. आमच्या एका गटातल्या ताईंची बॅग वाटेत अडकली आणि बोट सुटल्यावर दुसऱ्या दिवशी बाल्त्राला आली. आठवडाभर त्या उसन्या मास्कमधून, चष्म्याच्या नंबराशिवाय, शार्क बघत होत्या. तेव्हापासून मास्क, रेग्युलेटर (श्वास घ्यायचं यंत्र) आणि मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर हातातल्या बॅगेत, ही आमची सक्ती आहे.

परतताना इक्वेडोरहून भारतात शिरायला यलो फीवरच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची. नसेल तर विमानतळावरून घराऐवजी विलगीकरणात जाल. व्हिसाचे आणि ट्रान्झिटचे नियम बदलतात, म्हणून आम्हाला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

बेटांवर फळं, बिया, रोपं न्यायला बंदी आहे आणि सामान तपासतात. शाकाहारी असाल तर नोंदणीच्या वेळीच सांगा; बोटीवर वरण-भात मिळणार नाही, पण भात, राजमा, भाज्या, अंडी मिळतात.

आमच्या कोटेशनमध्ये विमान, नायट्रॉक्स, भाड्याचं सामान, टिप आणि विमा येत नाही. परदेशी प्रौढांसाठी उद्यानाचं प्रवेशशुल्क १ ऑगस्ट २०२४ पासून १०० वरून २०० डॉलर झालं आहे. ते आणि २० डॉलरचं ट्रान्झिट कार्ड, म्हणजे बेटांवर जायचं नोंदणीपत्र, तिथेच भरायचं. इक्वेडोरचं चलनच अमेरिकी डॉलर आहे, त्यामुळे सुट्ट्या नोटा इथूनच न्या.

शेवटच्या डाइव्हनंतर चोवीस तास विमान नाही. ती दुपार सांता क्रूझ बेटावर, डोंगरातल्या गवतात चरणारी प्रचंड कासवं बघण्यात जाते.

जून ते नोव्हेंबरच्या जागा वर्षभर आधी भरतात. विचारणा करताना लॉगबुकाच्या शेवटच्या दहा पानांचे फोटो पाठवा. "प्रवाह: जोरात" असं किती पानांवर लिहिलंय, ते आम्ही आधी बघतो.