दोन वर्गवारींचा संबंध तपासायचा असेल तर

ज्यांना आठवणीचा मेसेज गेला ते बिल वेळेवर भरतात का? दोन्हीकडे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं असेल तर साधारणपणे काय-स्क्वेअर चाचणी लावतात. कार्ल पिअर्सन यांनी ती १९०० साली मांडली.

समजा, ग्राहक २००. मेसेज गेलेल्या १२० पैकी ८६ जणांनी वेळेवर पैसे भरले, न गेलेल्या ८० पैकी ४४ जणांनी. म्हणजे वेळेवर १३०, उशिरा ७०. मेसेजचा काही संबंधच नसता, तर तक्त्याच्या पहिल्या चौकटीत (मेसेज गेला, वेळेवर भरले) किती जण यायला हवे होते? ओळीची बेरीज गुणिले रकान्याची बेरीज, भागिले एकूण: १२० × १३० ÷ २०० = ७८. प्रत्यक्षात ८६, फरक ८. उरलेल्या चौकटींत अपेक्षित संख्या ४२, ५२ आणि २८. फरक तिथेही ८च. (दोन बाय दोनच्या तक्त्यात तो चारही ठिकाणी सारखाच येतो. नाही आला, तर बेरीज तपासा.) प्रत्येक फरकाचा वर्ग त्या चौकटीच्या अपेक्षित संख्येने भागा आणि चारही उत्तरांची बेरीज करा: ५.८६. हाच काय-स्क्वेअरचा आकडा. एवढ्या तक्त्याची डिग्री ऑफ फ्रीडम (बेरजा ठरल्यावर मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या चौकटी) १, आणि ५ टक्के पातळीवर मर्यादा ३.८४; म्हणजे संबंध नसताना आकडा हिच्या वर जाण्याची शक्यता साधारण ५ टक्के. आपला आकडा तिच्या वर, म्हणजे हा फरक निव्वळ योगायोगाचा मानणं अवघड.

मेसेजमुळेच पैसे आले, हे मात्र यातून सिद्ध होत नाही. मेसेज मुळात नियमित ग्राहकांनाच गेले असतील तर?

संबंध किती घट्ट, हेही ५.८६ सांगत नाही. तक्त्यातला प्रत्येक आकडा दहापट केला तर ५८.६ येईल, टक्केवारी मात्र तीच. म्हणून अहवालात आम्ही क्रेमर्स व्हीही (संबंधाचा घट्टपणा ० ते १ मध्ये सांगणारं माप) देतो: (५.८६ ÷ २००) या भागाकाराचं वर्गमूळ, ०.१७. संबंध आहे, पण सौम्य.

सगळ्यात जास्त घोळ टक्केवारीचा. तक्त्यात टक्के भरले की सॉफ्टवेअर त्यांनाच माणसं समजून मोजतं. ८० जणांचे १०० होतात आणि निकाल बिघडतो. मूळ संख्याच पाठवा. एक माणूस एकाच चौकटीत हवा, त्यामुळे ‘लागू असलेले सर्व पर्याय निवडा’ छापाचा प्रश्न थेट चालत नाही. एखादी अपेक्षित संख्या (प्रत्यक्ष नव्हे) ५ च्या खाली गेली, तर छोट्या तक्त्याला आम्ही फिशरची एक्झॅक्ट चाचणी (अंदाजाऐवजी नेमकी शक्यता काढणारी) लावतो. मोठ्या तक्त्यात जवळच्या अर्थाचे वर्ग एकत्र करता येतात, पण ते निकाल बघण्याआधी ठरवायचं.

त्याच माणसांना आधी आणि नंतर विचारलं असेल, तर मॅकनेमार चाचणी. तिच्यासाठी प्रत्येकाची दोन्ही उत्तरं एकाच ओळीत लागतात; आधीच्या आणि नंतरच्या नुसत्या बेरजांवरून ती करता येत नाही.