हौदा की मागची सीट? पिकअप आणि एसयूव्हीच्या निवडीमागचा इतिहास

मृग तोंडावर आला की कोल्हापुरात नवी गाडी घेणाऱ्या घरांत एक चर्चा हमखास रंगते. घरात दोन पोरं, आई-वडील. सुट्टीला दाजीपूर, आंबा, गगनबावडा करायचं. गावाकडं शेत आहे आणि शेताला जाणारी पाणंद जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चिखलाची. मग डबल केबिन पिकअप (पुढं सीटच्या दोन रांगा आणि मागं मालाचा उघडा हौदा) घ्यायची, की एसयूव्ही? थोरला भाऊ म्हणतो पिकअप, वहिनी म्हणतात एसयूव्ही, आणि शोरूमवाला दोघांनाही हो म्हणतो.

हा वाद समजून घ्यायचा तर थोडं मागं जावं लागतं, कारण या दोन्ही गाड्या एकाच घरातून वेगळ्या निघालेल्या बहिणी आहेत.

ते घर म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी भारतात जुळवायला घेतली. पुढची कितीतरी वर्षं आपल्याकडं खराब रस्त्याची गाडी म्हणजे जीपच. वनखात्याची जीप, पाटबंधारेची जीप, साखर कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याची जीप. माणसं न्यायची की सामान, हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नाही. पुढं साहेब आणि मागं पोती, किंवा पुढं साहेब आणि मागं माणसं. शिडीसारखी लोखंडी चासी म्हणजे सांगाडा, चारही चाकांना पाट्याचे स्प्रिंग आणि गरजेला चारही चाकं ओढणारा गिअर, एवढ्यावर तिचं सगळं चाललं.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात या जीपचं पुढं वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी भाड्याची जीप झाली. कमांडर, मार्शल आणि 1980 च्या दशकाच्या शेवटी आलेली ट्रॅक्स, या गाड्यांत मागं समोरासमोर दोन बाकडी टाकून डझनावर माणसं बसायची. एसटी चुकली तर वडाप, एसटी नसली तरी वडाप. आज जिला आपण कौटुंबिक एसयूव्ही म्हणतो, तिची आपल्या भागातली खरी पूर्वज मला ही वडापच वाटते. लांब चासीवर जास्तीत जास्त माणसं बसवायची ही कल्पना जाहिरातींच्या आधी आपल्या स्टँडबाहेर रुजली होती.

दुसरी शाखा टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची. 1988 मध्ये त्यांनी टाटामोबाइल नावाची पिकअप आणली. त्याच सांगाड्यावर 1991 मध्ये सिएरा आली, मग इस्टेट, आणि 1994 मध्ये सुमो. सुमो हे नाव कंपनीचे माजी अध्यक्ष सुमंत मुळगावकर यांच्या नावातल्या पहिल्या अक्षरांवरून आलं. म्हणजे आपल्याकडं आधी पिकअप जन्मली आणि तिच्या पोटी माणसांची गाडी आली. जगातही काही ठिकाणी हेच घडलं. टोयोटाची हायलक्स पिकअप 1968 ची. 1984 मध्ये तिच्या हौद्यावर छत घालून, मागं सीट बसवून फोररनर तयार झाली. आपल्याकडच्या टोयोटाच्या बाबतीत मात्र क्रम उलटा आहे. हायलक्सच्याच कुळातली फॉर्च्युनर 2009 मध्ये भारतात आली आणि खुद्द हायलक्स त्यानंतर 13 वर्षांनी, 2022 मध्ये. त्यामुळं कोल्हापुरातल्या कितीतरी लोकांना हायलक्स ही मागून कापलेली फॉर्च्युनर वाटते. खरं तर फॉर्च्युनरला मागं छत आलं ते हायलक्सच्या घराण्यातून.

या दोघी शेजारी उभ्या केल्या की निवडीचा गाभा दिसतो. इंजिन एकाच घराण्यातलं, चासी सख्खी. फॉर्च्युनर 4,795 मिलिमीटर लांब, हायलक्स 5,325. म्हणजे पावणेदोन फूट जास्त. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर फॉर्च्युनरचं 2,745 आणि हायलक्सचं 3,085. करूळ किंवा अणुस्कुरा घाटाच्या वळणावर समोरून ट्रक आला, की ही लांबी आकड्यातून थेट पोटात उतरते. पाणंदीत मध्येच आडवा बांध किंवा मातीचा उंचवटा ओलांडावा लागतो. चाकांमधलं अंतर जितकं जास्त, तितकं त्या उंचवट्यावर पोट टेकायची शक्यता जास्त.

पण माझ्या मते लांबीपेक्षा मोठा फरक मागच्या स्प्रिंगमध्ये आहे, आणि गाडी घेताना नेमकं तेच कुणी वाकून बघत नाही. पिकअपच्या मागच्या अॅक्सलवर आजही पाटे असतात, कारण तिचं काम ओझं वाहणं. हौदा भरला की पाटे दबतात आणि गाडी शहाण्यासारखी चालते. हौदा रिकामा असला की तेच पाटे ताठ राहतात, मागचं टोक उड्या मारतं. फॉर्च्युनरला मागं कॉइल स्प्रिंग आहेत, कारण तिथं माणसं बसणार हे धरूनच ती आखली. 1998 च्या सफारीपासून आपल्याकडच्या लोकांनी एसयूव्हीच्या मागच्या सीटवर कॉइल स्प्रिंगचा आराम अनुभवला.

याचा अनुभव मी घेतला आहे. एका मित्राच्या डबल केबिन पिकअपमधून आम्ही सहकुटुंब राधानगरीकडं निघालो. हौदा रिकामा. मागच्या सीटची पाठ जवळजवळ सरळ, कारण तिच्यामागं लगेच केबिनची भिंत येते. राधानगरी येईपर्यंत माझ्या मुलीला दोनदा उलटी झाली. परतीच्या वाटेवर एका ओल्या चढाला मागची चाकं जागेवर फिरायला लागली. शेजारच्या शेतकऱ्यानं आपली खताची चार पोती हौद्यात टाकायला दिली आणि गाडी वर आली. वर गेल्यावर पोती उतरवून परत खाली नेऊन दिली. गाडी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी होती, पण मागं वजन नसल्यानं त्या चाकांना जमिनीची पकड मिळत नव्हती. आमच्या जांभ्याच्या लाल मातीत हे फार लवकर घडतं.

पिकअपला कौटुंबिक गाडी व्हायला इतका वेळ का लागला, याचं आणखी एक कारण नंबरप्लेटमध्ये आहे. आपल्याकडं पिकअप म्हणजे मालवाहतूक, म्हणजे पिवळी पाटी, परमिट, ठरावीक मुदतीनं पासिंग. ऊस, दूध, भाजी, जनावरं हे तिचं जग. हौद्यात माणसं बसवणं कायद्यानं मना आहे, तरी सौंदत्तीच्या यात्रेला किंवा वऱ्हाडाला हौदे भरून माणसं जाताना आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत, आणि घाटात उलटलेल्या अशा गाड्यांच्या बातम्याही वाचलेल्या आहेत. हौद्यात पोरांना बसवून जंगल दाखवायचा बेत कुणी करत असेल, तर त्यानं तो आत्ताच सोडावा. हे मी हात जोडून सांगतो.

स्कॉर्पिओची गेटअवे आणि टाटाची झेनॉन या पिकअप आल्या, पण घरापुढं उभी करायची गाडी म्हणून त्या फारशा रुजल्या नाहीत. चित्र बदललं 2016 मध्ये. इसुझूनं आंध्र प्रदेशातल्या श्री सिटीच्या कारखान्यातून डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणली आणि ती खासगी वापरासाठी, पांढऱ्या पाटीवर विकली. उसाच्या पैशातून हौस करणाऱ्या आमच्या भागात तिच्याकडं माना वळल्या नसत्या तरच नवल.

दरम्यान एसयूव्ही या शब्दाचा अर्थ पातळ होत गेला, त्याला कर कारणीभूत आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड, लहान इंजिनाच्या गाड्यांना उत्पादनशुल्कात सवलत मिळाली. जीएसटीतही हा चार मीटरचा उंबरठा राहिला. म्हणून बाजारात चार मीटरच्या आत बसवलेल्या उंच दिसणाऱ्या गाड्यांचा पूर आला, ज्यांतल्या बहुतेकींची फक्त पुढची चाकं ओढतात. महिंद्राची थार 3,985 मिलिमीटरची आहे. 2023 च्या जानेवारीत तिची दीड लिटर डिझेलची स्वस्त आवृत्ती आली ती याच सवलतीत बसणारी, पण तिला फोर बाय फोर नाही. नुसती मागची चाकं ओढतात. दिसायला सारखीच, पण पाणंदीत वेगळी. सफारीचंही तसंच. 1998 च्या सफारीत फोर बाय फोर मिळायची. 2021 मध्ये त्याच नावानं आलेली गाडी शिडीची चासी सोडून आली आणि फक्त पुढच्या चाकांवर चालते. नाव ऐकून गाडी घेणाऱ्यांनी लो रेंजचा गिअर (गाडी अगदी हळू पण जास्त ताकदीनं चालवणारा) आहे का, हे आधी विचारावं. भरल्या गाडीनं निसरडा उतार उतरताना ब्रेकपेक्षा तोच कामाला येतो.

2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरानं आणखी एक मोह जागा केला. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. त्यानंतर उंच गाडीची मागणी करताना लोक पुराचा दाखला देऊ लागले. हायलक्स 700 मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते, थार 650. म्हणजे सव्वादोन फुटांच्या आसपास, तेही संथ पाण्यात आणि खाली टणक जमीन असताना. महापुराच्या वाहत्या पाण्यात यातली कुठलीच गाडी घालायची नसते.

आता माझं मत. घरी रोजचा माल असेल, दुधाचे कॅन, खत, पंप, पाइप, आणि कुटुंब महिन्यातून एखाद्या वेळी बसणार असेल, तर डबल केबिन पिकअप घ्यावी आणि रिकाम्या प्रवासातही हौद्यात थोडं वजन पक्कं बांधून ठेवावं. माल वर्षातून चार वेळा असेल, तर तो भाड्याच्या छोट्या हत्तीत, म्हणजे टाटा एस टेम्पोत जाऊ दे. अशा घरानं शिडीच्या चासीची, लो रेंज असलेली एसयूव्ही बघावी. फॉर्च्युनर खिशाला जड जाते. पण स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोरमध्ये मिळते, फोर्सची गुरखा आता पाच दारांची झाली आहे, आणि 2024 च्या 15 ऑगस्टला थार रॉक्सही पाच दारं घेऊन आली. जुन्या थारच्या मागच्या सीटवर जायला पुढची सीट दुमडून आत शिरावं लागायचं आणि माझ्या आईचे गुडघे त्याला तयार नव्हते. रॉक्सच्या मागच्या दारातून ती स्वतः चढली.