निशाणी डावा अंगठा ते कंट्रोलचं मशीन

जुनं खरेदीखत उघडलं की तळाशी 'नि. डा. अं.' ही अक्षरं सापडतात. निशाणी डावा अंगठा. बाजूला निळ्या शाईचा ठसा. हा ठसा त्या वेळी कोणी जुळवून पाहत नसे. व्यवहारावर वाद उठला आणि प्रकरण कोर्टात गेलं, तरच तज्ज्ञ भिंग घेऊन बसायचा.

ही पद्धत आपल्याच देशात आकाराला आली. 1858 मध्ये बंगालमधल्या जंगीपूर इथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या अख्ख्या तळहाताचा ठसा करारावर घेतला. पुढे हा माणूस 'सही माझी नाही' म्हणू नये, एवढाच हेतू होता. 1877 मध्ये हुगळीत हर्शेलने पेन्शन, दस्तनोंदणी आणि तुरुंग या तिन्ही ठिकाणी ठसे सुरू केले. 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय उभं राहिलं. तिथली वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्रीच्या नावाने जगभर गेली. पण तिच्यामागचं बरंचसं गणित आणि मेहनत अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांची होती. ही दोन नावं शाळेत शिकवायलाच हवीत.

बोटावरच्या रेषा कुठे संपतात, कुठे फुटून दोन होतात, त्या जागांची नोंद म्हणजे ठशाची ओळख. संगणक याच जागा टिपतो. आधारची नोंदणी करताना दहा बोटं, दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि चेहरा घेतला जातो. नवा माणूस आधीच नोंदलेला नाही ना, हे सगळ्यांशी ताडून पाहणं हे एक काम. आणि आलेला माणूस त्याच 12 अंकी क्रमांकाचा आहे का, हे पाहणं दुसरं. कंट्रोलवर, म्हणजे रेशनच्या दुकानात, दुसरं काम चालतं. जुळणी कधीच शंभर टक्के नसते. ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली तर होकार, खाली राहिली तर नकार. मर्यादा सैल केली तर भलताच माणूस आत येतो, कडक केली तर खरा माणूस बाहेर राहतो.

आमच्याकडे बाहेर राहणारा हात बहुतेक वेळा कष्टाचा असतो. कापसाच्या वेचणीत वाळलेल्या बोंडाची टोकं दिवसभर बोटांना लागतात. भंडारा-गोंदियाकडे तेंदूपत्ता, विड्या वळणं. घराघरांत राख आणि भांडी. रेषा झिजतात, कातडी भेगाळते आणि मशीन म्हणतं, जुळत नाही. 'अंगठा लागत नाही' हे वाक्य मी कंट्रोलच्या ओट्यावर इतक्यांदा ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी बोलणारी बाई स्वतःचाच हात असा पाहते जणू चूक तिची आहे. शाईच्या काळात झिजलेला अंगठाही कागदावर उमटायचाच. आता जुळणी जागच्या जागी होते, आणि महिन्याचं धान्य तिच्यावर अडतं.

2018 च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठसा न जुळल्यामुळे कोणी लाभाला मुकू नये, असं नोंदवलं आहे. बुबुळ, चेहरा किंवा मोबाइलवरचा ओटीपी हे मार्गही आहेत. मुलांचे ठसे 5 व्या वर्षी पहिल्यांदा आणि 15 व्या वर्षी पुन्हा द्यावे लागतात. मोठ्यांनाही आधार केंद्रात ते नव्याने देता येतात. आणि अंगठा लागेना, तर बाकीची नऊ बोटं लावून पाहू द्यावीत. नोंद दहाही बोटांची आहे.